हिंदुस्थानचे आजोबा

मराठीत ‘दादा’ म्हटले की थोरला भाऊ डोळ्यांपुढे येतो. गुजरातीत आणि हिंदीत तसे नाही. तिकडे दादा म्हणजे बापाचा बाप, आजोबा. दादाभाई नवरोजी यांच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे हे दोन्ही अर्थ त्यांना लागू पडतात असे म्हणावयास हरकत नाही. तरुणपणी ते मुंबईच्या पहिल्या शिकलेल्या पिढीचे थोरले भाऊ होते. उतारवयात साऱ्या देशाने त्यांना आजोबांच्या जागी मानले. गुजराती माणसे त्यांना ‘हिंदना दादा’ म्हणत, इंग्रजी पत्रे ‘ग्रँड ओल्ड मॅन’ म्हणत. परंतु ज्या मुलांचे ते खरोखरीचे आजोबा होते, त्यांच्या वाट्याला हे आजोबा किती आले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारल्यावाचून या दीर्घ आयुष्याचा हिशेब पुरा होत नाही.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ चा. पेशवाई बुडून तेव्हा सातच वर्षे झाली होती आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन साहेब अजून मुंबईचे गव्हर्नर होते. आगगाडी नव्हती, तारायंत्र नव्हते, विलायतेला जावयाचे तर शिडाच्या जहाजातून महिनेच्या महिने काढावे लागत. दादाभाई वारले ते ३० जून १९१७ रोजी. त्या वेळी युरोपात विमानांतून बाँब पडत होते. ब्याण्णव वर्षे पुरी व्हावयास दोन महिने उरले होते.

वडील नवरोजी पालनजी हे पारशी उपाध्याय. घरची स्थिती बेताची. मुलगा चार वर्षांचा असतानाच ते निवर्तले. आई माणेकबाई यांना लिहितावाचता येत नव्हते, परंतु निश्चय दांडगा. त्यांनी दुसरे लग्न केले नाही; भावाच्या आधाराने एकुलत्या एका मुलाला वाढविले आणि मेहताजींच्या शाळेत घातले. पुढे दादाभाई नेटिव एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत गेले. या शाळेत त्या काळी फी नव्हती. फी असती तर माणेकबाईंना ती झेपली नसती आणि दादाभाई नवरोजी हे नाव कदाचित एखाद्या अग्यारीच्या वहीतच राहिले असते.

दादाभाईंनी मात्र हे शिक्षण फुकट मिळाले असे कधी मानले नाही. १९०४ साली, वय ऐंशीच्या घरात असताना, त्यांनी आपल्या बाळपणाच्या आठवणी लिहिल्या. त्यांत ते सांगतात की आपल्या शिक्षणाचा खर्च रयतेच्या पैशातून झाला आणि ती रयत दरिद्री. तेव्हा जे मिळाले ते तिला सेवेच्या रूपाने परत करावे, हा विचार लहानपणीच मनात ठसला. शाळेत शिकलेली मुले लाखो. परंतु शाळेचे आपण देणे लागतो असे समजून आयुष्यभर ते देणे फेडीत राहिलेला विद्यार्थी विरळा.

त्याच आठवणींत दोन गोष्टी आहेत, त्या शिक्षकवर्गाने मुलांना अवश्य सांगाव्या अशा. दादाभाईंचे अंकगणित पक्के होते, पण वर्गातील दुसऱ्या एका मुलाने हिशेबांचे कोष्टक तोंडपाठ करून बक्षीस पटकाविले. बक्षीससमारंभास आलेल्या पाहुण्यांपैकी कोणी पुस्तकाबाहेरचे प्रश्न विचारले, तो पाठांतरवाला अडखळला. दादाभाई पुढे झाले आणि त्यांनी उत्तरे दिली. तेथल्या तेथे एका गृहस्थाने त्यांना आपल्या पदरचे बक्षीस दिले. दुसरी गोष्ट दारूची. त्या काळच्या रीतीप्रमाणे जेवणापूर्वी घरात थोडे मद्य घेतले जाई. एके दिवशी घरात ते नव्हते म्हणून मुलाला समोरच्या गुत्त्यात पाठविले. त्या गुत्त्यात उभे राहताना त्याला जी लाज वाटली ती कायमची. पुन्हा त्याने त्या दुकानाची पायरी चढली नाही. कोणी उपदेश केला नाही, शपथ घातली नाही. मुलाचे आपले आपणच ठरले.

एल्फिन्स्टन विद्यालयात बाळशास्त्री जांभेकरांसारखे विद्वान अध्यापक होते; त्या वातावरणात दादाभाई वाढले. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांना या विद्यार्थ्याने विलायतेस जाऊन बॅरिस्टर व्हावे असे वाटले. अर्धा खर्च आपण देतो, अर्धा पारशी समाजाने द्यावा, असे त्यांनी सुचविले. समाजातील वडीलधाऱ्यांना भीती पडली की मुलगा तिकडे गेला म्हणजे ख्रिस्ती होईल. बेत फसला. दादाभाई शिक्षक झाले आणि तिशी गाठण्यापूर्वीच एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणित व पदार्थविज्ञान यांचे प्राध्यापक झाले. हिंदी माणसाला असे पद तोवर मिळालेले नव्हते. पुढे त्यांना कितीतरी मान मिळाले, परंतु ‘प्रोफेसर’ या पदवीचे अप्रूप त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिले.

त्यांचे खरे अध्यापन मात्र महाविद्यालयाच्या भिंतींबाहेर चालले होते. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली; त्याच साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या तरुणांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापली आणि १८४९ साली या सोसायटीने मुलींसाठी गुजराती व मराठी शाळा उघडल्या. पैसा नाही, जागा नाही, शिक्षक ठेवावयाचे तर पगार नाही. तेव्हा हे तरुण सकाळी आपल्या नोकरीच्या वेळेपूर्वी कोणाच्या ओटीवर, कोणाच्या पडवीत बसून स्वतः शिकवीत. मुली मिळविणे हे त्याहून अवघड काम. दादाभाई घरोघर जाऊन आईबापांची मनधरणी करीत. एखादा बाप दाराशी बसून ऐकून घेई, एखादा जिन्यावरून खाली लोटून देण्याची धमकी देई. हिंदू मुलींच्या शाळेला नाना शंकरशेट यांनी आपल्या वाड्यात आसरा दिला. माणेकबाईंना स्वतः अक्षर येत नव्हते. तरी मुलाच्या या खटपटीला त्यांचा पाठिंबा होता. आपल्याला घडविले ते आईने, असे दादाभाई म्हातारपणीही सांगत. जिला शाळा मिळाली नाही तिचा मुलगा दुसऱ्यांच्या मुलींसाठी दारोदार हिंडत होता, यात आश्चर्य ते काय?

१८५१ साली त्यांनी ‘रास्त गोफ्तार’ हे पत्र काढले; पुढच्याच वर्षी बॉम्बे असोसिएशनच्या स्थापनेत ते होते. आणि मग १८५५ साली जून महिन्यात प्राध्यापकाची खुर्ची सोडून ते कामा मंडळींच्या पेढीचे भागीदार म्हणून विलायतेस निघाले. इंग्लंडात उघडलेली ती पहिली हिंदी पेढी. मित्र चकित झाले; मास्तर व्यापारी होतो हे त्यांना पटेना. अर्थात ते पुरते व्यापारी कधी झालेच नाहीत. अफू व दारू यांच्या व्यवहाराचा नफा नको म्हणून त्यांनी ती भागीदारी सोडली आणि कापसाची स्वतःची पेढी काढली. अमेरिकेतील यादवी संपल्यावर कापसाचा बाजार कोसळला, त्यात ही पेढीही अडचणीत आली. मात्र सचोटीबद्दलचा लौकिक असा होता की धनकोंनीही त्यांना सांभाळून घेतले. याच काळात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते गुजराती शिकवीत होते. मास्तरकी अंगातून गेली नव्हती.

या मास्तरकीचे मोठे फळ म्हणजे त्यांचा गरिबीचा हिशेब. हिंदुस्थान सुखी आहे, इंग्रजी अमदानीत संपन्न होत आहे, असे विलायतेत छापून येई. १८६६ साली दादाभाईंनी लंडनमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशन काढले आणि तिथे हळूहळू एक साधा प्रश्न विचारावयास आरंभ केला : हिंदी माणसाचे सालाचे उत्पन्न किती? हा प्रश्न तोवर कोणी धड विचारला नव्हता, मग उत्तर कोठून असणार? दादाभाईंनी सरकारचेच अहवाल घेतले. प्रांतवार लागवडीखालची जमीन किती, एकरी पीक किती, भाव काय, सारे मांडले. सरकारी अहवालांची रीत अशी की निरनिराळ्या जिल्ह्यांच्या सरासऱ्यांची पुन्हा सरासरी काढावयाची, मग जिल्हा लहान असो वा मोठा. शाळेतल्या पोराने असे उदाहरण सोडविले तर मास्तर पाटीवर फुली मारतील. दादाभाईंनी सरकारच्या पाटीवर ती फुली मारली. १८६७ ते १८७० या वर्षांसाठी त्यांचे उत्तर निघाले : माणशी सालीना सरासरी २० रुपये. त्याला जोडून त्यांनी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च दाखविला, तो याहून अधिक होता. सरकार गुन्हेगाराला जेवढे खाऊ घालते तेवढेही प्रामाणिक रयतेच्या वाट्याला सरासरीने येत नाही, हे दाखविण्यास विशेषणांची गरज पडली नाही.

१८७६ साली त्यांनी ‘पॉव्हर्टी ऑफ इंडिया’ हा निबंध मुंबईत वाचला आणि त्याच साली दख्खनेत दुष्काळाला तोंड लागले. तो दुष्काळ दोन वर्षे चालला. सोलापूर, विजापूर, अहमदनगर या बाजूंनी माणसे कशी मेली ते जुन्या घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. दादाभाईंचे म्हणणे असे की पाऊस पडला नाही म्हणून पीक बुडते हे खरे, पण माणूस मरतो तो गाठीशी काही उरले नाही म्हणून. आणि उरत नाही याचे कारण पेन्शने, पगार, व्याज यांच्या रूपाने देशाचा पैसा वर्षानुवर्षे समुद्रापलीकडे वाहतो आहे. सरकारने पुढे आपले आकडे काढले : १८८२ साली २७ रुपये, कर्झन साहेबांच्या वेळी १९०१ साली ३० रुपये. आकड्यांवर वाद पुष्कळ झाला, अजूनही अर्थशास्त्रज्ञ करतात. पण वीस धरा की तीस धरा, पोटभर अन्न त्यात बसत नव्हते.

बडोद्याची दिवाणगिरी हा या आयुष्यातील एक लहानसा कडू अध्याय. मल्हारराव गायकवाडांनी १८७३ च्या अखेरीस त्यांना बोलाविले. दरबारात भानगडी, रेसिडेंट कर्नल फेअर विरोधी. वर्षभरात शक्य ती व्यवस्था लावून दादाभाई १८७५ च्या आरंभी बाहेर पडले. महाराज त्याच वर्षी पदच्युत झाले.

दादाभाई ६० वर्षांचे असताना १८८६ साली पार्लमेंटच्या निवडणुकीस प्रथम उभे राहिले आणि पडले. ज्या वयात आपल्याकडे गृहस्थ पेन्शन घेऊन पोथी वाचावयास बसतो, त्या वयात या माणसाने परक्या देशात, परक्या भाषेत, गल्लीबोळांतून मते मागावयास आरंभ केला. १८८८ साली पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी एका भाषणात असे उद्गार काढले की इंग्लिश मतदार काळ्या माणसाला निवडून देण्याइतके पुढे गेलेले नाहीत. गंमत ही की दादाभाई वर्णाने चांगले गोरे होते. या एका शब्दाने दादाभाईंचे नाव घरोघर झाले. १८९२ च्या जुलैत ते सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून निवडून आले. त्यांना २९५९ मते पडली आणि प्रतिस्पर्धी पेंटन यांना २९५६. अवघ्या तीन मतांचे आधिक्य! ‘नवरोजी’ हे नाव जिभेवर न बसणाऱ्या इंग्रजांनी ‘नॅरो-मेजॉरिटी’ अशी कोटी केली. मुंबईत मात्र आनंदाला सीमा राहिली नाही.

इथवरची कथा शाळेच्या पुस्तकांत असते. तिच्या शेजारी दुसरी एक कथा चालली होती. दादाभाईंचे लग्न अकराव्या वर्षी गुलबाईंशी झाले. दोन मुली आणि अर्देशर हा एकच मुलगा. अर्देशर डॉक्टर झाले आणि कच्छात मांडवी येथे नोकरीस राहिले; तेथेच त्यांचा संसार वाढला. त्या घरातील मुलांना आजोबा ठाऊक होते ते बहुधा पत्रांतून आणि तसबिरीतून. १८९३ साली, आजोबा पार्लमेंटात बसले असताना, अर्देशर हृदयविकाराने एकाएकी वारले. वय अवघे ३४ च्या आसपास. मागे पत्नी वीरबाई आणि लहान लहान मुले. सर्वांत धाकटी खुर्शेद, तिचा जन्म १८९४ चा. तिने वडिलांना पाहिलेच नाही.

त्याच १८९३ च्या डिसेंबरात दादाभाई हिंदुस्थानात आले. लाहोरच्या काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांना दिले होते. मुंबई बंदरावर लोटलेली गर्दी, गाडी जिथे जिथे थांबे तिथे हार आणि मानपत्रे, लाहोरात तर घोडे सोडून तरुणांनी गाडी ओढण्यापर्यंत मजल. तो सत्कार ज्यांनी पाहिला त्यांच्या पिढीला तो जन्मभर पुरला. सत्काराच्या मधोमध बसलेल्या त्या ६८ वर्षांच्या माणसाचा एकुलता एक मुलगा थोड्याच काळापूर्वी गेला होता. त्याने भाषण केले, देशाचा हिशेब मांडला, आणि अधिवेशन संपल्यावर पार्लमेंटच्या कामासाठी पुन्हा बोटीत पाय ठेवला. सून आणि नातवंडे इकडेच राहिली.

याबद्दल कोणी दादाभाईंना निष्ठुर म्हटले तर त्याला उत्तर देणे सोपे नाही. देशकार्य मोठे हे खरे. पण पोरक्या मुलांना आजोबा हवे असतात हेही तितकेच खरे. आपल्याकडे थोर पुरुषांच्या चरित्रांत घरच्यांनी सोसलेले एका वाक्यात आटोपण्याची वहिवाट आहे, ती चांगली नव्हे. वीरबाईंनी त्या मुलांना वाढविले, शिकविले. मुली विलायतेपर्यंत शिकल्या. ज्या सासऱ्याने मुंबईत मुलींच्या शाळेसाठी लोकांचे जिने चढले, त्याच्या घरात नातींचे शिक्षण कोणी अडविले नाही, इतके ऋण मात्र त्या मुलींनीही मान्य केले असते.

१८९५ च्या निवडणुकीत दादाभाई पडले. त्याच साली हिंदुस्थानच्या खर्चाच्या चौकशीसाठी वेल्बी कमिशन नेमले गेले. दादाभाई त्याचे सभासद, आणि तरीही १८९७ साली स्वतः साक्षीदाराच्या जागी बसून त्यांनी उलटतपासणी दिली. गोखले आणि वाच्छा हेही त्या वेळी साक्षीस गेले होते. १९०१ साली त्यांचे मोठे पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया’ या नावातच त्यांचा स्वभाव आहे. इंग्रज वाईट असे ते म्हणत नव्हते. इंग्रज हिंदुस्थानात इंग्रजांसारखे वागत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. १९०४ साली ॲमस्टरडॅमला जगातील समाजवाद्यांची परिषद भरली. हा पांढऱ्या दाढीचा वृद्ध व्यासपीठावर आला तेव्हा सारी सभा उभी राहिली आणि काही क्षण निःशब्द होती.

घरात भावाभावांत तंटा लागला म्हणजे आजोबांना मध्ये बसवितात. १९०६ साली काँग्रेसच्या घरात तेच झाले. बंगालची फाळणी होऊन गेलेली, स्वदेशी व बहिष्कार यांचा जोर. जहाल पक्षाला लोकमान्य टिळक अध्यक्ष हवे होते, मवाळांना ते नको होते. शेवटी लंडनहून दादाभाईंना बोलावून घेतले. त्यांच्या नावाला ‘नाही’ म्हणण्याची छाती कोणाचीही नव्हती. ८१ वर्षांचे दादाभाई कलकत्त्यास आले. आवाज इतका क्षीण झाला होता की अध्यक्षीय भाषण गोखल्यांनी वाचून दाखविले. त्या भाषणात काँग्रेसच्या मागणीसाठी ‘स्वराज्य’ हा शब्द आला. शिवछत्रपतींच्या महाराष्ट्राला तो शब्द नवा नव्हता, आणि लोकमान्यांच्या तोंडी तो होताच. पण काँग्रेसच्या अध्यक्षासनावरून तो उच्चारला गेला आणि दोन्ही पक्षांना तो घ्यावा लागला. आजोबा असेपर्यंत घर एकत्र राहिले. पुढच्याच वर्षी सुरतेस काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

१९०७ साली प्रकृती ढासळल्यामुळे दादाभाई कायमचे हिंदुस्थानात परतले आणि वर्सोव्यास, म्हणजे मुंबईकरांच्या वेसाव्यास, समुद्राकाठच्या घरात राहू लागले. भोवती कोळ्यांची वस्ती, मासळी वाळत घातलेली, गलबतांची ये-जा. अर्धे शतक धुक्यात आणि कोळशाच्या धुरात काढलेल्या माणसाला ही हवा मानवली असावी, कारण या घरात ते आणखी दहा वर्षे जगले. आणि याच दहा वर्षांत ते आपल्या नातवंडांचे आजोबा झाले. पत्रव्यवहार चालूच होता. दादाभाईंना आलेल्या आणि त्यांनी लिहिलेल्या पत्रांचा व कागदांचा संग्रह सुमारे ३०,००० आहे, तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. एक चिटोराही टाकावयाचा नाही ही हिशेबी माणसाची सवय.

नाती मात्र आजोबांच्या वाटेने सरळ चालणाऱ्या नव्हत्या. पेरीन ही १८८८ साली मांडवीस जन्मलेली. शिक्षणासाठी ती पॅरिसला गेली आणि तेथे मादाम कामांच्या वर्तुळात मिसळली. लंडनमध्ये एके काळी दादाभाईंच्या कामात मदत केलेल्या भिकाईजी कामा आता उघड क्रांतिपक्षाच्या होत्या. १९१० च्या मार्चमध्ये सावरकर लंडनला पकडले गेले तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी धडपडणाऱ्यांत दादाभाई नवरोजींची नात होती. आजोबांनी उभे आयुष्य अर्ज, आकडे आणि इंग्रजांची न्यायबुद्धी यांवर घालविले. नात ब्रुसेल्सला मिसरी राष्ट्रीय परिषदेत जाऊन बसली. १९११ साली ती परत आली. वेसाव्याच्या त्या घरात या दोघांत काय बोलणे झाले असेल? वाद झाला असेल तर तो दोन पिढ्यांचा असेल. पण त्या घराचे दार नातीला बंद झाले नाही. आणि आजोबाही होते तिथेच थांबले नव्हते. ॲनी बेझंट बाईंनी १९१५ साली होमरूल लीगची योजना काढली, तेव्हा तिचे अध्यक्ष होण्यास नव्वद वर्षांच्या दादाभाईंनी संमती दिली. सावध माणसांना ते रुचले नाही.

१९१६ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना एलएल. डी. ही सन्माननीय पदवी दिली. हे विद्यापीठ १८५७ चे. दादाभाई प्राध्यापक झाले तेव्हा ते अस्तित्वातच नव्हते. स्वतःहून ३२ वर्षांनी लहान असलेल्या विद्यापीठाकडून पदवी घ्यावयास ते विश्रांतीतून बाहेर आले. सभागृहातील तरुण पदवीधरांपैकी पुष्कळांचे आजोबे त्यांचे विद्यार्थी होण्याच्या वयाचे होते.

पुढच्या वर्षी जूनमध्ये प्रकृती बिघडली म्हणून त्यांना वेसाव्याहून मुंबईत आणले. ३० तारखेला ते गेले. मलबार टेकडीवरील दोखम्याच्या वाटेवर पारश्यांबरोबर हिंदू आणि मुसलमान होते. सर नारायण चंदावरकरांनी तेथे भाषण केले.

आजोबांच्या मागे नातींनी जे केले ते फारसे सांगितले जात नाही. गोशीबेन, नर्गिसबेन आणि पेरीनबेन, तिघीही पुढे कॅप्टन या आडनावाने प्रसिद्ध झाल्या. १९२१ नंतर त्या खादीत दिसू लागल्या. राष्ट्रीय स्त्री सभेच्या कामात मुंबईच्या बायकांना सूत, भरतकाम आणि मिरवणूक हे तिन्ही त्यांनी शिकविले. १९३० च्या कायदेभंगात पेरीनबेन तुरुंगात गेल्या. मुंबई प्रांतिक काँग्रेस कमिटीच्या त्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष. कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च काढणाऱ्या आजोबांची नात आता तेच अन्न खात होती.

आणि खुर्शेद, जिला बाप दिसला नाही. तिचा आवाज फार गोड. युरोपात राहून तिने पाश्चात्त्य गायनाचे उच्च शिक्षण घेतले होते. ते सारे बाजूस ठेवून ती गांधीजींकडे गेली, आणि पुढे वायव्य सरहद्दीवर पठाणांच्या मुलखात एकटी हिंडू लागली. माणसे पळवून नेणाऱ्या टोळ्यांना गाठावयाचे, त्यांच्या बायकांशी बोलावयाचे, हे पाप सोडा म्हणून विनवावयाचे, असे तिचे काम. तिच्या आजोबांनी नव्वद वर्षांपूर्वी मुंबईत लोकांच्या दारांत उभे राहून असेच विनविले होते. जिन्यावरून ढकलण्याची धमकी देणारे लोक तेवढे बदलले होते, आणि हातात आता बंदुका होत्या. १९४० च्या अखेरीस सरकारने तिला पकडले.

पेरीनबेनना १९५४ साली पद्मश्री मिळाली. त्या १९५८ साली वारल्या. खुर्शेदबेन १९६६ पर्यंत होत्या.